साखळीबाहेरचं हॉटेल पॉइंट्सवर बुक करताना : बुकिंग नेमकं कुणाच्या हातात आहे?

क्रेडिट कार्डावर खर्चातून मिळालेले पॉइंट्स लाखाच्या घरात गेलेले असतात, सुट्टी मंजूर झालेली असते आणि घरात सगळ्यांनी मिळून एक हॉटेल पसंत केलेलं असतं. गोव्यातलं जुनं पोर्तुगीज वळणाचं घर, मोजक्या दहा-बारा खोल्या, मागे बाग. मग कळतं की हे हॉटेल मॅरियटचं नाही, हिल्टनचं नाही, कुणाचंच नाही. मालकाचं स्वतःचं आहे, आणि तिथं आपले पॉइंट्स कसे लावायचे हे कुणी नीट सांगत नाही.

मोठ्या साखळीच्या हॉटेलात हा प्रश्न येत नाही, कारण पॉइंट्स देणारा आणि खोली देणारा एकाच कराराने बांधलेले असतात. स्वतंत्र हॉटेलात मालक एक, पॉइंट्सची कंपनी दुसरी, आणि मधे बुकिंग पोचवणारा एजंट तिसरा. अडचण आली की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून अशा प्रत्येक बुकिंगआधी मी एकच प्रश्न विचारतो : हे बुकिंग कुणाच्या हातात राहणार आहे? ज्याच्या हातात ते असेल, तोच तारीख बदलू शकतो, तोच रद्द करू शकतो आणि तोच पॉइंट्स परत देऊ शकतो. एका पॉइंटला किती पैसे सुटतात हा हिशेब महत्त्वाचा आहेच, पण तो या प्रश्नानंतर.

हॉटेलवाला हात आखडता का घेतो

तुम्ही पॉइंट्सवर एक रात्र राहता तेव्हा तुमच्यासाठी ती फुकट असते, हॉटेलसाठी नसते. पॉइंट्सचा कार्यक्रम चालवणारी कंपनी हॉटेलला त्या रात्रीचे पैसे देते. पण ही रक्कम बहुतेक वेळा खोलीच्या बाजारभावापेक्षा बरीच कमी असते. हॉटेल जवळपास पूर्ण भरलेलं असेल तेव्हाच ती चालू दराच्या जवळ जाते. तीनशे खोल्यांच्या हॉटेलला हे परवडतं. बारा खोल्यांच्या हॉटेलात एक खोली म्हणजे त्या दिवसाच्या मालातला आठ टक्क्यांहून जास्त वाटा. नाताळच्या आठवड्यात तो वाटा कमी पैशात सोडणं कुठल्याही मालकाच्या जिवावर येणारच, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

म्हणून मालक वाटा आखून ठेवतो. सगळ्यात लहान खोलीच ‘स्टँडर्ड’ म्हणून नोंदवायची, त्याही दोनच. किमान तीन रात्रींची अट घालायची. नियमावलीत ‘ब्लॅकआउट डेट्स नाहीत’, म्हणजे पॉइंट्स चालत नाहीत अशी एकही तारीख नाही, असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं; पण पॉइंट्सवर फक्त स्टँडर्ड खोली मिळते आणि त्या दोन्ही खोल्या केव्हाच गेलेल्या असतात. इथेच घोडं पेंड खातं. हे आधी माहीत असलं की शोध कसा घ्यायचा तेही सुचतं.

पायरी १ : हॉटेल कुठल्या दाराने उघडतं ते शोधा

‘स्वतंत्र’ म्हणवणारी बरीच हॉटेलं पूर्ण एकटी नसतात. हॉटेलच्या वेबसाइटच्या अगदी तळाशी जा. तिथं छोट्या अक्षरांत एखाद्या संघाचं चिन्ह असतं, आणि बहुतेक वेळा उत्तर तिथंच सापडतं.

स्मॉल लक्झरी हॉटेल्स ऑफ द वर्ल्ड, म्हणजे एसएलएच, हा अशाच लहान हॉटेलांचा संघ. २०१८ पासून तो हयात या हॉटेल साखळीबरोबर होता. २०२४ मध्ये तो करार संपला आणि त्याच वर्षी एसएलएच हिल्टनकडे गेला. मिस्टर अँड मिसेस स्मिथ ही निवडक हॉटेलांची ब्रिटिश बुकिंग कंपनी हयातने २०२३ मध्ये विकत घेतली आणि पुढच्या वर्षी तिची हॉटेलं हयातच्या पॉइंट्सवर मिळू लागली. डिझाइन हॉटेल्स या संघातली सहभागी हॉटेलं मॅरियटच्या बोनव्हॉय या पॉइंट्स कार्यक्रमावर मिळतात. संघातली सगळीच हॉटेलं पॉइंट्स घेतात असं मात्र नाही, त्यामुळे चिन्ह दिसलं म्हणून हुरळून न जाता त्या साखळीच्या ॲपमध्ये हॉटेलचं नाव टाकून बघा. या दाराने गेलात तर बुकिंग साखळीच्या हातात असतं. तक्रार करायला एक पक्का पत्ता असतो, म्हणून स्वतंत्र हॉटेलासाठी मला हे दार सगळ्यात भरवशाचं वाटतं.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर मुंबईतलं आयटीसी मराठा बघा. आयटीसी काही लहान नाही, पण व्यवस्थापन त्यांचं, त्यांचा स्वतःचा क्लब आयटीसी कार्यक्रम वेगळा, आणि तेच हॉटेल मॅरियटच्या लक्झरी कलेक्शनमध्ये असल्यामुळे बोनव्हॉयवरही मिळतं. एका खोलीला दोन दारं. कुठल्या दाराने आत गेलात त्यावर तुमचा सदस्य म्हणून दर्जा (सिल्व्हर, गोल्ड वगैरे), नाश्ता आणि नवे पॉइंट्स ठरतात. दोन्हीकडचे फायदे एकाच मुक्कामात मिळत नाहीत.

ग्लोबल हॉटेल अलायन्सची रीत वेगळी आहे. आपल्याकडची लीला हॉटेलं या संघात आहेत. इथं पॉइंट्सऐवजी ‘डिस्कव्हरी डॉलर’ मिळतात आणि एकाची किंमत एक अमेरिकन डॉलर इतकी ठरलेली असते. मुक्कामातून मिळवायचे आणि दुसऱ्या मुक्कामाच्या बिलात वळते करायचे. अवॉर्ड खोली, म्हणजे पॉइंट्सवरची खोली, मिळते की नाही हा प्रश्नच उरत नाही, कारण खोली तुम्ही नेहमीच्या दरानेच घेता. फक्त मुदत जपा, ते फार काळ टिकत नाहीत.

यातलं काहीच नसेल तर उरतं बँकेचं ट्रॅव्हल पोर्टल, म्हणजे कार्डाच्या पॉइंट्सवर प्रवासाची बुकिंग करायची बँकेची वेबसाइट. भारतात बहुतेकांना याच वाटेने जावं लागतं, म्हणून त्यावर खाली सविस्तर लिहिलं आहे.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडे आणखी एक वाट आहे आणि ती फार सोयीची आहे. कॅपिटल वनच्या माइल्सच्या कार्डाने हॉटेलला थेट पैसे भरायचे आणि ९० दिवसांच्या आत तो खर्च माइल्सने पुसायचा, एका माइलला एक सेंट या भावाने. बुकिंग थेट हॉटेलकडे राहतं, मधे कुणी नाही. अट एवढीच की कार्डाच्या यंत्रणेत तो व्यवहार ‘प्रवास’ म्हणून नोंदला गेला पाहिजे. घरगुती होमस्टेचा व्यवहार कधी कधी भलत्याच वर्गात पडतो, म्हणून आधी थोडी आगाऊ रक्कम भरून नोंद कशी पडते ते पाहावं.

पायरी २ : खोली खरंच आहे का ते पाहा

तारखा टाकून ‘उपलब्ध नाही’ दिसलं की लोक ॲप बंद करतात. तिथं थांबू नका. आधी दोन प्रौढ, एक खोली, एक रात्र एवढंच टाकून बघा. मुलांची संख्या घातली की लहान हॉटेलांची स्टँडर्ड खोली यादीतून गळते, कारण ती दोघांसाठीच नोंदवलेली असते. दोघांसाठी खोली दिसली तर हॉटेलला फोन करून विचारा : दहा वर्षांच्या मुलासाठी जास्तीची गादी मिळेल का, तिचे किती, आणि ते बुकिंगवर लिहून मिळेल का? गादीचे पैसे पॉइंट्समध्ये धरलेले नसतात, तिथं रोख भरावे लागतात.

मग तीन, चार, पाच रात्री टाकून बघा. किमान मुक्कामाची अट असेल तर एका रात्रीला काहीच दिसत नाही आणि तीन रात्रींना सगळं उघडतं. हिल्टन आणि मॅरियटमध्ये महिनाभराचं कॅलेंडर दिसतं, त्यावरून कुठल्या तारखा स्वस्त आहेत ते झटकन कळतं. पाच रात्री जमत असतील तर जरूर बघा : मॅरियटमध्ये पॉइंट्सवरच्या सलग पाच रात्रींना चारच रात्रींचे पॉइंट्स लागतात. हिल्टनमध्ये सिल्व्हर किंवा त्यावरचा दर्जा असेल तर स्टँडर्ड खोलीची पाचवी रात्र मोफत मिळते.

खोल्या दोन वेळेला जास्त दिसतात. एकदा हॉटेलने पुढच्या वर्षाचं कॅलेंडर उघडलं की, आणि एकदा तारीख अगदी तोंडावर आल्यावर, न विकलेल्या खोल्या सुटतात तेव्हा. दिवाळीची आणि नाताळची सुट्टी धरायची असेल तर पहिलीच वेळ साधा.

पायरी ३ : हिशेब थेट दराशी करा, पोर्टलच्या दराशी नको

सूत्र सोपं आहे. पॉइंट्समुळे खिशातले किती रुपये वाचले ते काढा आणि त्याला लागलेल्या पॉइंट्सनी भागा. चूक होते ती ‘किती वाचले’ हे ठरवताना.

समजा पोर्टलवर खोलीचं भाडं १२,००० रुपये आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे एकूण १४,१६० रुपये. एचडीएफसीच्या इन्फिनिया कार्डावर स्मार्टबाय या बँकेच्या पोर्टलवरून हॉटेल घेताना एका पॉइंटला एक रुपया मिळतो, मात्र बिलाच्या जास्तीत जास्त ७० टक्के रकमेवरच पॉइंट्स लावता येतात. म्हणजे ९,९१२ पॉइंट्स आणि ४,२४८ रुपये रोख. वरवर पाहता पॉइंटला पूर्ण रुपया सुटला.

आता हॉटेलला फोन केला आणि त्यांनी थेट बुकिंगला नाश्ता, करासकट १२,५०० रुपये सांगितले तर? तुमचे खरे वाचले १२,५०० वजा ४,२४८, म्हणजे ८,२५२ रुपये. भागिले ९,९१२. पॉइंटला साधारण ८३ पैसे. पोर्टलच्या दरात नाश्ता नसेल तर प्रत्यक्षात त्याहूनही कमी. स्वतंत्र हॉटेलांच्या बाबतीत हा फरक वारंवार दिसतो, कारण पोर्टलला कमिशन द्यावं लागतं आणि थेट आलेल्या पाहुण्याला मालक काहीतरी सोडायला राजी असतो. तरीही ८३ पैसे वाईट नाहीत. तेच पॉइंट्स कार्डाच्या बिलात वळते केले तर इन्फिनियाला ३० पैसेच मिळतात. बँका हे भाव आणि मर्यादा बदलत असतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी ते पुन्हा तपासा.

साखळीच्या पॉइंट्सचंही असंच. समजा दुसरी एक खोली हिल्टनच्या ४०,००० पॉइंट्सना मिळते आणि थेट दर १४,१६० आहे. हिल्टनच्या पॉइंटला ३५ पैसे. पण ते पॉइंट्स कार्डावरून आणायचे असतील आणि कार्डाच्या १०० पॉइंट्सना हिल्टनचे ९० मिळत असतील, तर कार्डाच्या पॉइंटला ३२ पैशांच्या आसपास पडतात. तुलना नेहमी कार्डाच्या पॉइंटची करायची, कारण तुमच्या हातात तोच आहे.

दापोली, दिवेआगर, मालवणकडच्या घरगुती होमस्टेसाठी मी हा हिशेब मांडतच नाही. तिथं पॉइंट्स लावून वाचतं थोडं आणि मधला एजंट मालकाच्या भाड्यातला वाटा खातो. सरळ मालकाला पैसे द्यावेत, फार तर रुपे क्रेडिट कार्डाने यूपीआयवरून, आणि पॉइंट्स महाग मुक्कामासाठी राखून ठेवावेत.

पायरी ४ : खोली दिसेपर्यंत पॉइंट्स हलवू नका

कार्डाचे पॉइंट्स एकदा साखळीत गेले की परत येत नाहीत. ‘ऑफर चालू आहे, नेऊन ठेवू’ हा मोह टाळा. हयात आणि एसएलएचचं नातं तुटलं तेव्हा अनेकांनी एखाद्या लहान हॉटेलाची आस धरून हयातचे पॉइंट्स साठवले होते. हयातमध्ये ते पॉइंट्स अजून कामाला येतात, पण ते हॉटेल हातचं गेलं. संघांचे करार असेच बदलतात.

हस्तांतरणाला काही मिनिटांपासून काही दिवस लागू शकतात आणि तेवढ्यात खोली जाते. मॅरियटमध्ये यावर तोड आहे : पुरेसे पॉइंट्स खात्यात नसतानाही अवॉर्ड बुकिंग करून ठेवता येतं आणि पॉइंट्स नंतर जमा करता येतात, मुक्कामाच्या १४ दिवस आधीपर्यंत. इतर ठिकाणी रद्द करता येण्याजोगं रोख बुकिंग आधी करून ठेवा, पॉइंट्स आले की अवॉर्ड बुकिंग करा, आणि मगच पहिलं रद्द करा. हा क्रम उलटा झाला तर दोन्ही हातची जातात.

पायरी ५ : पोर्टलवरून बुक केलं? आता हॉटेलला फोन करा

मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते इथलं. बँकेच्या पोर्टलवर तुम्ही बटण दाबता तेव्हा बुकिंग बँकेकडून ट्रॅव्हल कंपनीकडे, तिथून अनेकदा एखाद्या घाऊक पुरवठादाराकडे, आणि मग हॉटेलकडे जातं. प्रत्येक टप्प्यावर वेगळा नंबर पडतो. तुमच्या ईमेलमधला नंबर पोर्टलचा असतो. रिसेप्शनवरच्या माणसाला त्याचा अर्थ लागत नाही, त्याच्या संगणकावर वेगळा नंबर असतो किंवा अजून काहीच नसतं. एका पोर्टलवरून केलेल्या माझ्या बुकिंगबाबत असंच झालं होतं : पैसे गेले, पॉइंट्स गेले, व्हाउचर आलं, आणि हॉटेलकडे नोंदच नव्हती. मुक्कामाला अवकाश होता म्हणून निस्तरता आलं. रात्री नऊला सामान घेऊन दारात उभं असताना हे कळलं असतं तर काय केलं असतं, हा विचारही नको वाटतो.

म्हणून बुकिंगनंतर एक-दोन दिवसांनी आणि पुन्हा मुक्कामाच्या आठवडाभर आधी फोन करा. बोलणं साधारण असं होतं :

“नमस्कार. अमुक तारखेला दोन रात्रींचं बुकिंग आहे, माझ्या नावाने. तुमच्याकडे दिसतंय का?”

“कुठून केलंय सर? आमच्या वेबसाइटवरून?”

“नाही, बँकेच्या पोर्टलवरून. तुमच्याकडे ते दुसऱ्या कंपनीच्या नावाने आलं असेल.”

“थांबा हं, बघतो. ... हो, आहे. पण यात ब्रेकफास्ट नाहीये.”

“चालेल. मला तुमचा स्वतःचा कन्फर्मेशन नंबर द्याल का? आणि पैसे पूर्ण भरलेले दिसतात ना? चेक-इनला आणखी काही भरायचं नाही ना?”

हे शेवटचे दोन प्रश्न कधीही सोडू नका. पुरवठादाराने हॉटेलला पैसे अजून पोचवले नसतील तर रिसेप्शनला बुकिंग ‘बाकी’ दिसतं आणि तुमच्याकडे दुसऱ्यांदा पैसे मागितले जातात. हॉटेलचा नंबर मिळाला की तो व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. लहान हॉटेलात हे आनंदाने करतात, आणि तेव्हाच वरच्या मजल्यावरची खोली, गुडघे दुखणाऱ्या आईसाठी तळमजला, उशिराचं आगमन वगैरे सांगून टाका.

नोंद सापडलीच नाही तर हॉटेलशी वाद घालू नका, त्यांच्या हातात काही नसतं. पोर्टलच्या ग्राहकसेवेला फोन लावा आणि नेमकं मागा : “हॉटेलशी बोलून त्यांचा कन्फर्मेशन नंबर मला ईमेलवर द्या.” नुसतं ‘बुकिंग कन्फर्म आहे’ हे उत्तर स्वीकारू नका, ते त्यांच्या संगणकापुरतंच खरं असतं.

पायरी ६ : पॉइंट्समध्ये न बसणारे खर्च आणि अटी

गोव्यात आणि इतरही पर्यटनस्थळी २४ आणि ३१ डिसेंबरला बरीच हॉटेलं गाला डिनर सक्तीचं करतात. माणशी पैसे लागतात आणि पॉइंट्सवर राहणाऱ्यालाही ते चुकत नाहीत. चौघांचं कुटुंब असेल तर हा आकडा खोलीच्या भाड्याइतका होऊ शकतो, तेव्हा आधीच विचारा. परदेशात रिसॉर्ट फीचं, म्हणजे भाड्याव्यतिरिक्त लावल्या जाणाऱ्या रोजच्या शुल्काचं, तसंच. हिल्टन आणि हयात अवॉर्ड मुक्कामावर ती घेत नाहीत, मॅरियटच्या हॉटेलांत ती भरावी लागू शकते. युरोपातल्या अनेक शहरांचा सिटी टॅक्स हॉटेलवरच द्यायचा असतो.

साखळीतला तुमचा सोन्या-प्लॅटिनमचा दर्जा संघातल्या हॉटेलात जसाच्या तसा चालेल असं धरून चालू नका. प्रत्येक संघाची फायद्यांची यादी वेगळी असते. पोर्टलच्या बुकिंगवर तर दर्जा सहसा मोजतच नाहीत.

परदेशी पासपोर्ट असलेल्या, ओसीआय कार्डधारक नातलगांसाठी भारतात खोली घेत असाल तर एक जास्तीचा प्रश्न : “परदेशी पाहुण्याची सरकारी नोंद (आधीचा फॉर्म सी, आता फॉर्म ३) करता का?” परदेशी नागरिक उतरला की हॉटेलला २४ तासांत ही नोंद करावी लागते. काही लहान हॉटेलं आणि होमस्टे त्यासाठी नोंदणीकृत नसतात आणि ऐन वेळी खोली नाकारतात. पोर्टलवर हे कुठेही लिहिलेलं नसतं.

पायरी ७ : रद्द करायची वेळ आली तर

साखळीचं अवॉर्ड बुकिंग मुदतीत रद्द केलं की पॉइंट्स साखळीच्या खात्यात परत येतात, सहसा लगेच. कार्डावर मात्र जात नाहीत. संघातल्या लहान हॉटेलांची मुदत साखळीच्या नेहमीच्या हॉटेलांपेक्षा बरीच लांब असू शकते, बेटावरच्या रिसॉर्टांत तर आठवडेच्या आठवडे. बुकिंग करतानाच तो मजकूर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मुदतीची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. हॉटेलची घड्याळाची वेळ धरा, आपली नव्हे.

पोर्टलचं बुकिंग पोर्टलवरूनच रद्द करा. हॉटेलला फोनवर ‘आम्ही येत नाही’ सांगितलं तर त्यांच्या लेखी तुम्ही आला नाहीत एवढंच होतं आणि परतावा बुडतो. हॉटेलवाला भला माणूस असेल आणि मुदत उलटल्यावरही माफ करायला तयार असेल, तर त्याच्याकडून तसं ईमेलवर लिहून घ्या आणि ते ईमेल पोर्टलला पाठवा. मग परताव्यात रोख रक्कम आणि पॉइंट्स दोन्ही वेगवेगळे आले का ते तपासा. रोख आधी दिसते, पॉइंट्स मागाहून येतात आणि त्यांच्याकडे लोकांचं दुर्लक्ष होतं. पुढच्या स्टेटमेंटपर्यंत पॉइंट्स जमा झाले नाहीत तर बुकिंग आयडी, रद्द केल्याची तारीख आणि पॉइंट्सचा आकडा लिहून बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर मागून घ्या.